रूपवाद आणि टॉल्स्टॉयचा घोडा

मराठीत एखाद्या समीक्षकाला 'रूपवादी' म्हटले की त्याचा निकाल लागल्यासारखाच असतो. फडके-खांडेकरांच्या काळातील 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाची सावली त्या शब्दावर अजूनही आहे. त्यामुळे समाजाकडे आणि अन्यायाकडे पाठ फिरवून घाट, रचना, लय यांच्या कौतुकात रमणारी समीक्षा म्हणजे रूपवाद, असे आपण सहज धरून चालतो. आधुनिक साहित्यसिद्धान्ताची सुरुवात ज्या रशियन रूपवादापासून झाली असे साधारणपणे मानले जाते, त्याचे मूळ लेखन वाचताना मात्र मला नेमके उलट चित्र दिसते. त्या लेखनाच्या मुळाशी असलेली कल्पना जगण्याविषयीची आहे, आणि तिच्यासाठी निवडलेली पहिली उदाहरणे तर उघडउघड अन्यायाविषयीची आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1915 मध्ये मॉस्को भाषाशास्त्र मंडळ स्थापन झाले आणि त्याच सुमारास पेत्रोग्रादमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) काव्यभाषेचा अभ्यास करणारा, 'ओपोयाझ' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा गट जमू लागला. रोमान याकोब्सन, व्हिक्टर श्क्लोव्स्की, बोरिस आयखेनबाउम, युरी तिन्यानोव ही त्यातली ठळक नावे. ही बहुतेक मंडळी तेव्हा विशी-तिशीतली होती. साहित्याचा अभ्यास या नावाखाली लेखकाचे चरित्र, त्याचे मानसशास्त्र, त्याच्या काळाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचीच चर्चा होते आणि प्रत्यक्ष साहित्यकृती बाजूला राहते, ही त्यांची तक्रार होती. अभ्यासाचा विषय साहित्य नसून साहित्यिकता आहे, म्हणजे एखाद्या मजकुराला साहित्य बनवणारा गुण आहे, असे याकोब्सनने 1921 मध्ये लिहिले. ही तक्रार आजच्या मराठी समीक्षेलाही लागू पडते असे मला वाटते, पण तो वेगळा विषय आहे.

या सगळ्या लेखनात श्क्लोव्स्कीचा 1917 चा निबंध सर्वांत प्रभावी ठरला. 'कला म्हणजे क्लृप्ती' असा त्याच्या शीर्षकाचा साधारण अर्थ होतो. शीर्षक तांत्रिक असले तरी निबंधाचा गाभा टॉल्स्टॉयच्या रोजनिशीतल्या 1897 मधील एका नोंदीत आहे. टॉल्स्टॉय खोलीतली धूळ पुसत होता. कोचापाशी आल्यावर, तो आपण आधीच पुसला आहे की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना. सवयीने केलेली ती कृती झाली असली काय आणि नसली काय, सारखेच, असे त्याच्या लक्षात आले. आणि अनेक माणसांचे आयुष्य अशाच बेभानपणे जात असेल तर ते आयुष्य जणू नव्हतेच, असे त्याने लिहून ठेवले. श्क्लोव्स्की हा धागा उचलतो आणि म्हणतो की सवय सगळेच गिळून टाकते: वस्तू, कपडे, घरातले सामान, बायको आणि युद्धाचे भयसुद्धा. दगडाचा दगडपणा पुन्हा जाणवावा यासाठी कला असते. तिच्यामुळे ओळखीची गोष्ट अनोळखी होते, आकलन अवघड होते, लांबते, आणि त्या लांबण्यातच आपण खरोखर पाहू लागतो. मराठीत आपण याला अपरिचितीकरण म्हणतो.

युद्धाच्या भयाचा उल्लेख पहिले महायुद्ध चालू असताना केलेला आहे, हे ध्यानात घेतले की 'जीवनापासून तुटलेला सिद्धान्त' हा आरोप टिकवणे कठीण जाते.

आता उदाहरणांकडे पाहू. पहिले उदाहरण फटक्यांच्या शिक्षेवरच्या टॉल्स्टॉयच्या एका लेखातील आहे. 'फटके मारणे' हा रूढ शब्द बाजूला ठेवून तो त्या कृतीचे सुटेसुटे वर्णन करतो: कायदा मोडलेल्या माणसांना नागवे करायचे, जमिनीवर पाडायचे आणि उघड्या पार्श्वभागावर वेतांनी झोडपायचे. वेदना देण्याचा नेमका हाच रानटी प्रकार का निवडला, खांद्यात सुया का टोचत नाहीत, असेही तो पुढे विचारतो. नाव काढून घेतल्यामुळे शिक्षेवर असलेले कायदेशीरपणाचे पांघरूण निघून जाते.

दुसरे उदाहरण 'खोल्स्तोमेर' या कथेतील, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. या कथेचा बराचसा भाग एक म्हातारा घोडा सांगतो. माणसे 'माझे' हा शब्द का वापरतात, हे त्याला कळत नाही. तो म्हणतो, मला 'माझा घोडा' म्हणणारे कितीतरी जण माझ्यावर कधी बसलेच नाहीत, बसले ते दुसरेच. मला चारा घालणारेही दुसरेच होते. एखादी जमीन 'माझी' म्हणणाऱ्या माणसाने ती जमीन कधी पाहिलेली नसते, तिच्यावर पाऊलही ठेवलेले नसते. घोडा बंडखोर नाही, त्याला अर्थशास्त्र येत नाही, तो फक्त गोंधळलेला आहे, आणि त्या गोंधळातून खासगी मालकीची सगळी व्यवस्था विचित्र दिसू लागते. श्क्लोव्स्की आणखी एक बारीक गोष्ट टिपतो. कथेच्या शेवटी घोडा मारला जातो, तरी पाहण्याची रीत बदलत नाही. घोड्याचे कातडे, मांस, हाडे यांचा कोणाला ना कोणाला उपयोग होतो. त्याचा एकेकाळचा मालक सेर्पुखोव्स्कोय मरतो तेव्हा त्याचे कातडे, मांस, हाडे मात्र कशाच्याच उपयोगी पडत नाहीत, आणि तरीही त्या कुजणाऱ्या देहाला चांगला गणवेश आणि बूट चढवून पुरले जाते.

या कथेतील सामाजिक टीका आणि तिची क्लृप्ती वेगळ्या काढून दाखवता येतील का? घोड्याच्या जागी एखाद्या सुधारकाला निवेदक केले, तर मालकीविरुद्धचे विधान शिल्लक राहील, पण वाचक ते ऐकून मान डोलावेल आणि पुढे जाईल.

मराठीत रूपवाद म्हटल्यावर बा. सी. मर्ढेकर आठवतात, आणि येथे एक भेद करायला हवा. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कृतीची संघटना सिद्ध होते, म्हणजे भर पूर्णत्वाला पोचलेल्या आकृतीवर आहे. श्क्लोव्स्कीचा भर आकृतीपेक्षा अडथळ्यावर आहे. गंमत अशी की, मर्ढेकरांची कविता त्यांच्या सिद्धान्तापेक्षा श्क्लोव्स्कीच्या सिद्धान्ताने अधिक उलगडते असे मला वाटते. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही ओळ घ्या. साध्या गद्यात 'ओल्या पिपात उंदीर मेले' असे झाले असते आणि डोळा त्यावरून घसरला असता. मर्ढेकरांनी विशेषण आणि नाम यांच्यामध्ये 'मेले' घातले. पिंप येते, मरण येते, ओल येते, आणि मेले ते कोण हे सर्वांत शेवटी कळते. तोवर ती ओल पिपाची की मरणाची, हे वाचकाला ठरवता येत नाही. मुंबईत रोज दिसणारी मेलेली उंदरे एका विस्कटलेल्या शब्दक्रमामुळे आपल्याला थांबवतात.

रूपवाद्यांवरचा आरोप हवेतून आला नव्हता, हेही मान्य करायला हवे. किल्ल्यावर फडकणाऱ्या झेंड्याचा रंग कलेत कधीच उमटला नाही, असे टोकाचे विधान 1917 च्या रशियन क्रांतीनंतरच्या वर्षांत श्क्लोव्स्कीने स्वतःच केले होते, आणि साहित्यकृती म्हणजे क्लृप्त्यांची बेरीज, ही त्याची मांडणीही अपुरी होती. त्याची स्वतःची उदाहरणे त्याच्या या विधानांपेक्षा शहाणी आहेत. क्रांतीचा एक नेता असलेल्या त्रोत्स्कीने 1923 च्या आपल्या पुस्तकात रूपवादाचे तांत्रिक काम उपयुक्त मानले, पण तेवढ्यावर थांबणे नाकारले. पुढे वादाची जागा दडपणाने घेतली आणि 1930 मध्ये श्क्लोव्स्कीला जाहीर लेख लिहून आपला सिद्धान्त चुकीचा होता असे म्हणावे लागले. तोवर तिन्यानोव आणि याकोब्सन यांनी मात्र दडपणाविना पुढचे पाऊल टाकले होते. साहित्य ही एक व्यवस्था आहे, तिचा इतर सामाजिक व्यवस्थांशी असलेला संबंध अभ्यासला पाहिजे आणि आज धक्का देणारी क्लृप्ती उद्या सवयीची होते, असे त्यांनी 1927-28 च्या लेखनात मांडले. रूपवादाचे मोजमाप करताना आपण श्क्लोव्स्कीच्या घोषणांवर थांबतो आणि हा टप्पा गाळतो, याची मला खंत वाटते.

म्हणूनच दलित आत्मकथनांची चर्चा केवळ अनुभवाच्या दाहकतेवर आणि अस्सलपणावर थांबते तेव्हा मला ती अपुरी वाटते. 1978 मध्ये आलेल्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी सरळ 'मी' वापरून सगळे सांगितलेले नाही. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसतात. शिकून नोकरीला लागलेला, शहरात वावरणारा माणूस स्वतःचेच बालपण परक्याच्या तोंडून ऐकतो, आणि जातीने एका आयुष्याचे केलेले दोन तुकडे निवेदनाच्या रचनेतच दिसतात. दगडूला वगळून हे पुस्तक एकसंध 'मी'मध्ये लिहिले असते तर घटना त्याच राहिल्या असत्या, पण आपल्याच भूतकाळाकडे पाहताना वाटणारा संकोच आणि त्या संकोचाचीही वाटणारी लाज कुठे दिसली असती? ही रचना कशी केली आहे, दगडूचा आवाज कुठे चढतो, ऐकणारा दया पवार कुठे नाहीसा होतो आणि का, हे पानापानाने तपासणारे सविस्तर वाचन मला हवे आहे, आणि ते करणाऱ्याला कोणी 'रूपवादी' म्हटले तर त्याने तो शब्द खुशाल स्वीकारावा.