गिअरबॉक्सला सांगितलेला खोटा आकडा

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडला, सासुरवाडीला निघालो होतो. गाडी सेकंडहँड, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. महिनाभर आधीच रिमॅप करून आणलेली, म्हणजे जोर वाढावा म्हणून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाईल बदललेली, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होतो. कन्नड घाटात एका वळणानंतर पाय दाबला आणि आरपीएमचा काटा २,२०० वरून सुर्रकन ३,००० वर गेला. गाडी मात्र तशीच रांगत होती. मग पाठीत कोणी धपाटा घालावा तसा गिअर पडला. दोनदा असं झालं आणि डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. लिम्प मोड, म्हणजे बिघाड दिसला की गाडी स्वतःला जपत लंगडत चालते ते. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. जागा बघून गाडी वळवली आणि परत खाली आलो.

चाळीसगावात गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "भाऊ, गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल." खर्च लाखाच्या वर. मी गाडी जळगावला आबांकडे नेली. आबा ऑटो इलेक्ट्रिशियन, वायरिंगमध्ये आयुष्य गेलेलं.

त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. इंजिनचा कॉम्प्युटर वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा. दोघं बोलतात ते पीळ दिलेल्या दोन वायरींवरून, म्हणजे कॅन बसवरून. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली जगासमोर आणली. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी सोडून स्टिअरिंगखालच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर कुठेतरी वायर तुटलेली किंवा एक रेझिस्टर गेलेला. आमचं ६०.४ आलं. "लाइन चांगली आहे भो," आबा म्हणाले, "बोलणं होतंय. आता काय बोलतात ते बघू."

स्कॅनरवर पी-०७०० हा बिघाडाचा कोड होता, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे एवढंच. त्याच्यासोबत पी-०७३३, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे आत क्लच घसरतोय. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन मी मागे बसलो आणि आबांनी भुसावळ रोडला गाडी दाबली. स्क्रीनवर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, ३६० न्यूटन-मीटर, कंपनीचा आकडा जसाच्या तसा. डिझेल मात्र दर स्ट्रोकला ७८ मिलिग्रॅम. याच मॉडेलची रिमॅप न केलेली दुसरी गाडी आबांकडे दुरुस्तीला होती, तिच्यात त्याच ३६० ला ६६ दिसलं.

भानगड इथे होती. ३६० टॉर्कला किती डिझेल लागतं, याचा तक्ता इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. रिमॅपवाल्याने त्या तक्त्यातलं डिझेल वाढवलं आणि टॉर्कच्या बाजूला हातच लावला नाही. आता इंजिन जोर लावतं सव्वाचारशेच्या घरातला आणि लाइनवर सेकंदाला अनेक वेळा सांगत राहतं, ३६०, ३६०. गिअरबॉक्सकडे टॉर्क मोजायचं दुसरं साधन नाही. ऐकलेल्या आकड्यावरून तो तेलाचा दाब ठरवतो आणि त्या दाबाने क्लच आवळतो. आबा म्हणाले, "गोणीवर ३६ किलो लिहिलंय, आत ४२ भरलंय. हमालाने ३६ च्या बेताने उचलली तर कंबर लचकणारच ना?"

धपाट्याचं कारणही तेच. गिअर बदलताना गिअरबॉक्स क्षणभर इंजिनला सांगतो, टॉर्क १५० वर आण. इंजिन डिझेल कमी करतं, पण त्याच चुकीच्या तक्त्यातून. मागितलेले १५० प्रत्यक्षात जास्तच येतात.

मूळ फाईल परत मिळवायला रिमॅपवाल्याला किती फोन केले त्याची गणती नाही. "आमच्या सगळ्या गाड्या अशाच चालतात," हे त्याचं पालुपद. शेवटी फाईल आली, आबांनी टाकली. गिअरचं तेल काढलं तर काळपट, जळकट वासाचं. तेल बदललं, गिअरबॉक्सची जुनी शिकवणी पुसली. क्लच किती भरतो, किती दाब लागतो हे तो चालता-चालता शिकत असतो; महिनाभर खोट्या आकड्यावर शिकलेलं ठेवून उपयोग नव्हता. मग तेल गरम झाल्यावर धुळे रोडला हलक्या पायाने पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, थांबा, परत पहिल्यापासून. दोन तास. मला वाटतं मी इतक्या सभ्यपणे गाडी आयुष्यात कधी चालवली नसेल.

खुमखुमी तरी गेली नव्हती. पावसाळ्यानंतर दुसऱ्या एकाकडून रिमॅप केलं, यावेळी अट घातली की डिझेल आणि टॉर्क दोन्ही खरे लिहायचे. टॉर्क मागितला ४२०. चालवून बघितलं तर स्क्रीनवरचा आकडा ३८० ला अडला. आता गिअरबॉक्सला खरा आकडा कळत होता आणि ३८० ची स्वतःची मर्यादा सांगून तो इंजिनला आवरत होता. नवा रिमॅपवाला म्हणाला, गिअरबॉक्सच्या फाईलमधली मर्यादाही वाढवून देतो. आतल्या क्लचप्लेटी त्याच राहणार ना, असं विचारलं तर हो म्हणाला.

३८० वरच ठेवली आहे. दिवाळीला कन्नडला गेलो, घाटात तिसरा-चौथा कधी पडला ते कळलंही नाही.