तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट आत असताना हॉस्पिटल कसं वाढवतात?

लग्नात, बारशाला, कुठेही ओळख निघाली आणि मी हॉस्पिटलांची बांधकामं बघतो असं कळलं, की प्रश्न ठरलेला. "अहो, पेशंट आत असताना तोडफोड करताच कशी? चार महिने सरळ बंद ठेवायचं, बांधायचं, मग उघडायचं." परवा तुम्हीही तेच विचारलंत. तिथे जेवणाची पंगत बसत होती, म्हणून इथे लिहितो.

बंद ठेवता येत नाही, कारण बऱ्याच गावांत दुसरा आयसीयूच नसतो. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, त्याला "दिवाळीनंतर या" सांगता येत नाही. मग वर मजला चढत राहतो आणि खाली बाळंतपणं होत राहतात.

लोकांना आवाजाची काळजी, मला धुळीची. आवाज झाला की सिस्टरचा फोन येतो आणि तोडफोडीचं मशीन, ब्रेकर, थांबतो. धुळीचा फोन येत नाही. जुनं फॉल्स सीलिंग उघडलं की वर्षानुवर्षं साठलेली धूळ खाली येते आणि तिच्यात अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असू शकतात, अवघे दोन-तीन मायक्रॉनचे. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. केमो चालू असलेल्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून छतापर्यंत पार्टिशन, फटींना टेप, आणि आतली हवा हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळून इमारतीबाहेर फेकणारं मशीन. त्यामुळे दार उघडलं तरी हवा वॉर्डाकडून आमच्याकडे येते, उलटी जात नाही. दाराच्या फटीशी मी टिश्यू पेपरची पट्टी लावतो. ती आमच्या बाजूला झुकलेली दिसली, तरच काम सुरू. मुकादम हसतो. हसू दे.

पण खरी झोप उडते ती ऑक्सिजनची लाइन जोडायच्या रात्री. नाशिकला 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि किमान 22 पेशंट गेले. तिथे बांधकामाचा संबंध नव्हता, पण लाइनमधला दाब पडला की काय होतं, ते तेव्हापासून कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली रात्र सांगतो. नव्या विंगची तांब्याची लाइन तयार होती, नायट्रोजन भरून 24 तास दाब धरून तपासलेली. जुन्या लाइनला जोडायचा शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. त्यासाठी आयसीयूची लाइन दोन तास बंद करून त्या वेळेत प्रत्येक खाटेला जंबो सिलिंडर द्यायचा, असं दुपारच्या मीटिंगमध्ये ठरलं. हिशेब सोपा. जंबोत साधारण 7000 लिटर. मास्कवर मिनिटाला 5 लिटर धरले तरी 1400 मिनिटं. रात्र काढून उरेल.

दोन वाजता मी कागद घेऊन आयसीयूत गेलो. रात्रपाळीच्या सिस्टरने कागद वाचला आणि म्हणाल्या, "सर, हा दुपारचा आहे. चार नंबरच्या आजोबांना संध्याकाळी हाय फ्लोवर घेतलंय."

हाय फ्लो म्हणजे नाकातल्या नळीतून जोरात ऑक्सिजन देणारं मशीन. त्यावर मिनिटाला 50 लिटर ऑक्सिजन ओढला, तर तोच सिलिंडर 140 मिनिटं चालतो. आमचं काम 120 मिनिटांचं. कागदावर 20 मिनिटं शिल्लक, पण एखादा जोड गळला आणि पुन्हा ब्रेझिंग, म्हणजे पाइप तापवून जोडण्याचं काम, करावं लागलं तर? शिवाय सिलिंडर पार तळाला जाऊ देत नाहीत. मी व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही. मॅनिफोल्ड रूममधून, म्हणजे सिलिंडरांच्या खोलीतून, आणखी दोन जंबो ट्रॉलीवर आणले, चार नंबरपाशी साखळीने बांधले, एक वॉर्डबॉय फक्त सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत उभा केला. यात पाऊण तास गेला. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घड्याळ दाखवत होता. मी बघितलं नाही.

जोड झाल्यावरचं काम लोकांना माहीतच नसतं. नव्या पाइपात अजून नायट्रोजन असतो. त्याला ना रंग, ना वास. गेजवर दाब बरोबर दिसेल, प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी वर जाईल, आणि पेशंटला ऑक्सिजन मिळणारच नाही. म्हणून ऑक्सिजन सोडून लाइन धुवायची, मग भिंतीतल्या एकेका आउटलेटला अ‍ॅनालायझर लावून ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आकडा बघायचा. एकही आउटलेट सोडायचं नाही. सिस्टर सोबत फिरत होत्या. प्रत्येक आकडा त्या स्वतः वाचत आणि मगच लिहीत, माझ्या तोंडून ऐकून नाही. चार नंबरला भिंतीवरच्या लाइनवर परत घेतलं तेव्हा साडेपाच झाले होते.

त्यांनी सही केली, पेन खिशाला लावलं आणि विचारलं, "ऑक्सिजनचं झालं. पण आमच्या बाथरूमला रात्री दहापासून पाणी नाही. तेही तुमचंच ना?"

आमचंच होतं.