करीम मासिमोवच्या गावाला

"मामा, ही बिल्डिंग जळत होती ना, तेव्हा आम्ही हॉस्टेलवर खिचडी टाकली होती. बाहेर इतके आवाज, की कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात."

कझाकस्तानातल्या आल्माटी शहरात, रिपब्लिक स्क्वेअरवर, महापालिकेच्या पांढऱ्याशुभ्र इमारतीसमोर उभं राहून भाचा हे सांगत होता. मागे आलाताऊच्या डोंगरांवर सप्टेंबरातही बर्फ. इमारत आता इतकी चकचकीत, की ५ जानेवारी २०२२ ला ती पेटली होती हे सांगूनही पटत नाही. भाचा तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच दिवशी इंटरनेट गेलं आणि पुढचे पाच दिवस जवळपास बंदच. ताई सांगलीत फोन देवासमोर ठेवून बसलेली, आणि मी पुण्यात कझाकस्तानच्या बातम्या वाचत होतो. वाचता वाचता करीम मासिमोव हे नाव डोक्यात बसलं, ते गेलंच नाही.

भडका उडाला गाडीत भरायच्या गॅसवरून. पश्चिमेकडच्या झानाओझेन या तेलाच्या गावात गॅस साठ तेंगेवरून एकशेवीसवर गेला, लोक रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत आल्माटी पेटलं. विमानतळसुद्धा जमावाच्या हातात गेला. सरकारी आकड्यानुसारच दोनशेहून जास्त माणसं मेली. हे थोपवायचं काम ज्या खात्याचं, त्या राष्ट्रीय सुरक्षा समितीचा, म्हणजे हेरखात्याचा, प्रमुख होता मासिमोव. ५ तारखेला राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी त्याला काढलं, ६ ला अटक झाली, ८ ला ती जाहीर केली. आरोप देशद्रोहाचा. घरची राखण करणाऱ्यानंच कडी काढून दिली, असा एकूण अर्थ.

चौकात स्वातंत्र्यस्तंभ आहे, वर पंखांच्या हिमबिबट्यावर उभा योद्धा. खाली ब्राँझचं उघडं पुस्तक आणि त्यावर पहिले राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांच्या पंजाचा ठसा. त्यात हात ठेवून इच्छा मागायची. एक नवी नवरी हातमोजा काढून हात ठेवत होती आणि फोटोवाला तिची मान सारखी डावीकडे वळवत होता. याच चौकात डिसेंबर १९८६ मध्ये मॉस्कोनं लादलेल्या नेत्याविरुद्ध कझाक पोरं उतरली होती. तेव्हा याचं नाव ब्रेझनेव चौक.

संध्याकाळी राजधानीची, मासिमोवच्या गावाची, म्हणजे अस्तानाची गाडी धरली. भाच्याची परीक्षा, त्यामुळे मी एकटाच. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी बाउरसाक दिले (आपल्या गोड पुरीचा गुबगुबीत भाऊ), मी भाकरवडी दिली. त्यांनी एक खाल्ली आणि दोन रुमालात बांधल्या. फोनवरच्या भाषांतरातून नातवंडं, मटणाचे भाव, सगळं बोलून झालं. मासिमोवचं नाव टाईप केल्यावर मात्र त्यांनी स्क्रीन वाचला, चष्मा काढला आणि चहा आणायला उठल्या. मीही पुन्हा विचारलं नाही.

सकाळी खिडकीबाहेर नुसता माळ. झाड नाही, टेकडी नाही. आणि मग एकदम काचेचे टॉवर.

मासिमोव इथेच जन्मला, १९६५ साली. तेव्हा गावाचं नाव त्सेलिनोग्राद. पुढे ते अक्मोला झालं, १९९८ मध्ये अस्ताना, २०१९ मध्ये नझरबायेव यांच्या मानार्थ नूर-सुलतान, २०२२ च्या सप्टेंबरात परत अस्ताना. विमानतळाला मात्र अजून नझरबायेवांचंच नाव. हा माणूस मॉस्कोत अरबी शिकला, चीनमध्ये वूहानला कायदा शिकला, बँका चालवल्या, मंत्री झाला. २००७ ते २०१२ आणि पुन्हा २०१४ ते २०१६ पंतप्रधान. इतका काळ ते पद दुसऱ्या कुणी सांभाळलं नाही. कझाक, रशियन, चिनी, अरबी, इंग्रजी, पाच भाषा. नझरबायेवांचा विश्वास एवढा, की २०१६ मध्ये हेरखातंच हातात दिलं. साहेब २०१९ मध्ये खुर्चीवरून उतरले, तरी हा तिथेच राहिला.

एप्रिल २०२३ मध्ये त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या दोन उपप्रमुखांना सोळा आणि पंधरा, तिसऱ्याला तीन. खटला बंद दाराआड चालला, त्यामुळे पुरावे काय होते ते बाहेर कुणाला दिसलं नाही. तो निर्दोष असेल असं मी म्हणत नाही. पण अशा खटल्यानंतर आजीबाई चहा आणायला उठतात, याचं मला नवल वाटत नाही.

दिवसभर सरकारी इमारतींच्या बाजूला पायपीट केली. त्याच्या नावाची पाटी, तसबीर, काही दिसतंय का बघत होतो. कुठे काही नाही. शेवटी सगळे जातात तिथे गेलो, बायतेरेक मनोऱ्यावर. वर सोनेरी गोळ्यात पुन्हा नझरबायेवांचा पंजा, इथे सोन्याचा मुलामा दिलेला. रांग मोठी. पोरांचे हात लागून लागून बोटांच्या टोकांना वेगळीच झिलई आलेली.

माझा नंबर आला. हात ठेवला. पंजा माझ्यापेक्षा बराच रुंद निघाला. इच्छा काही सुचेना, आणि मागचा मुलगा कोपराने ढकलत होता. भाच्याची परीक्षा सुटू दे म्हटलं आणि बाजूला झालो.