मिलफ्लर तुकडा: पानं झाली, ससा बाकी

मागच्या नोंदीनंतर पानांचा भाग पूर्ण उतरला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी टॅपेस्ट्रीचा, म्हणजे विणूनच चित्र काढलेल्या पडद्याचा, छोटा तुकडा विणतेय, मिलफ्लर (विखुरलेल्या फुलझाडांच्या) नक्षीचा. तुकडा ३० बाय ४० सेंटिमीटरचा, ताणा (मागावर ताणून बसवलेले धागे) जाड सुती दोऱ्याचा, सेंटिमीटरला चार धागे, बाणा (त्यांतून आडवा विणायचा रंगीत धागा) लोकरीचा. नमुना पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातल्या ‘लेडी अँड द युनिकॉर्न’ या सहा पडद्यांवरून (साधारण इ. स. १५००) घेतलाय. लाल जमीन, विखुरलेली फुलझाडं आणि कोपऱ्यात ससा.

चित्र आडवं करून विणतेय, जुने फ्लेमिश आणि फ्रेंच विणकर विणायचे तसंच. मोठ्या पडद्याला त्यामुळे माग फक्त त्याच्या उंचीइतका रुंद लागायचा. पडदा टांगला की ताणा आडवा होतो आणि सगळा भार बाण्यावर येतो. रंगांच्या सीमेवर राहिलेल्या चिरा त्या वजनाने उघडतात, म्हणून त्या मागून शिवून घ्यायच्या. येवल्याचे पैठणी विणकरही पदरावर प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली (धाग्याची छोटी कांडी) घेतात, पण ते शेजारचे धागे एकमेकांत अडकवून वळवतात, त्यामुळे चीर पडतच नाही. मी चिराच ठेवल्यात. पानाची कड त्याशिवाय इतकी धारदार येत नाही.

खरी मजा हाशूर नावाच्या विणीत. एका रंगाच्या निमुळत्या रेघा दुसऱ्या रंगात घुसवायच्या, की दोन हिरव्यांच्या मधला तिसरा हिरवा न रंगवताच दिसायला लागतो. रेघांची लांबी मुद्दाम असमान ठेवायची: आठ ताण्यांवरून एक, मग तीन, मग सहा, मग दोन. सगळ्या सारख्या ठेवल्या तर पान करवतीच्या पात्यासारखं दिसतं. माझ्याकडे हिरवे तीनच आहेत आणि चौथ्याची गरज अजून तरी भासलेली नाही.

इथे शेव्हरलची आठवण होतेच. हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्रीच्या कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्यांतला काळा रंग मरगळलेला दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. यातूनच १८३९ मध्ये त्याने शेजारी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला. पण पुढे त्यानेच चौदा हजारांहून जास्त छटांचं वर्गीकरण केलं, आणि तेव्हाची टॅपेस्ट्री तैलचित्राची नक्कल करण्यातच गुंतलेली होती. मला ती वाट चुकलेली वाटते. शिवाय सूक्ष्म छटा उजेडात आधी विटतात, मग चेहऱ्यावरची सगळी नजाकत गायब.

याउलट फ्रान्समधल्या आंजे शहरातला ‘अपोकॅलिप्स’ हा पडदा बघा. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७०च्या दशकात तो विणवून घेतला. आज त्याचा सुमारे शंभर मीटर भाग शिल्लक आहे, आणि रंग मोजकेच. तो पाहिल्यावरच विसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार झाँ ल्युर्सा जाड विणीकडे आणि थोड्या रंगांकडे वळला. कार्टूनवर (विणताना समोर ठेवायच्या आराखड्यावर) रंग न भरता नुसते आकडे लिहायची त्याची पद्धत मीही उचललीय. १ ते ११ आकड्यांत माझा अख्खा तुकडा बसतो.

रंगांबद्दल. लाल मंजिष्ठेचा, निळा निळीचा. युरोपात वोडच्या पानांतून निळा काढायचे, पण रंगद्रव्य दोन्हींत एकच. अडचण पिवळ्याची. युरोपात वेल्ड या वनस्पतीचा पिवळा वापरायचे आणि तोही तसा टिकत नाही. म्हणून जुन्या पडद्यांवरची झाडं आज निळसर दिसतात: हिरव्यातला पिवळा उडाला, निळा उरला. हळद तर त्याहून लवकर उडते, म्हणून ती बादच. तुरटी लावलेल्या लोकरीवर डाळिंबाची साल चढवली आणि मग निळीत बुडवली. उजेडात रंग किती उडतो ते बघायला प्रत्येक हिरव्याची एक लडी, अर्धी काळ्या कागदात गुंडाळून, खिडकीत टांगलीय. पावसाळा संपल्यावर उघडेन.

आता सशाकडे. त्याचा डोळा आणि पोटाखालची सावली काळी हवी, पण लोह आणि टॅनिनचा काळा मला नको. लोहामुळे लोकर कालांतराने ठिसूळ होते, आणि जुन्या पडद्यांत गडद बाह्यरेषा बऱ्याचदा आधी झडतात त्या यामुळेच. म्हणून घोंगडीवाल्यांकडून न रंगवलेली काळी दख्खनी लोकर आणलीय. टोचते खरी, पण ससा काही अंगावर पांघरायचा नाही. ही लोकर टॅपेस्ट्रीत कुणी वापरली असेल तर पीळ किती ठेवला ते सांगा, माझी फार सुटते.