उर्से टोलनाका ते खोपोली

मित्राची बीवायडी सील ही इलेक्ट्रिक कार आज एक्स्प्रेसवेवर चालवायला मिळाली. परफॉर्मन्स व्हर्जन, म्हणजे पुढे एक मोटर, मागे एक, मिळून 530 पीएसची ताकद. कंपनी सांगते, ताशी 0 ते 100 किमी वेग फक्त 3.8 सेकंदांत. कागदावर वाचून काही वाटत नाही हो. उर्से टोलनाक्यातून सुटल्यावर पाय दाबला आणि मागे बसलेल्या वहिनींच्या हातातला भेळेचा पुडा थेट त्यांच्या मांडीवर! गिअर नाही, गुरगुर नाही, नुसता ढकलून दिल्यासारखा धक्का. आणि शंभरची मर्यादा इतक्यात गाठली, की पुढं करायचं काय?

खरी मजा बोरघाटात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते. गाडी आपोआप आवरते, वीज बॅटरीत परत. शेजारच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता, माझा पाय मात्र ब्रेकवर क्वचितच गेला. खोपोलीला बॅटरीची टक्केवारी लोणावळ्यापेक्षा वर!

दोन टनांहून जड आहे बया, पण बॅटरी तळाशी असल्यानं वळणावर झुकत नाही. मला एकच पटलं नाही, आवाज नसल्यानं वेग कळत नाही, सारखं आकड्याकडे बघावं लागतं. मित्र म्हणतो, सवय होते. त्याच्या पोराला मात्र आडवी-उभी फिरणारी ती स्क्रीन तेवढी आवडते.