ग्रेबची वही: लढतीची फिल्मच नसलेला बॉक्सर जोखताना

जुन्या मिडलवेट (160 पौंडांपर्यंतच्या वजनगटातल्या) बॉक्सरांची क्रमवारी लावायचं काम सध्या हॅरी ग्रेबपाशी अडून बसलंय. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा हा गडी (1894–1926) सुमारे 300 लढती खेळला आणि त्यातल्या एकाही लढतीची फिल्म आज आपल्याला बघायला मिळत नाही.

यात सगळा दोष काळाचा नाही. 1910 साली अमेरिकेतल्या रिनो शहरात काळ्या जॅक जॉन्सनने गोऱ्या जिम जेफ्रीजला लोळवलं. काळ्या माणसाचा हा विजय गावोगाव पडद्यावर दिसावा हे अनेक गोऱ्यांना सोसवेना, आणि 1912 मध्ये लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली. ती उठली 1940 मध्ये. ग्रेबची अख्खी कारकीर्द या कायद्याच्या पोटात संपली. हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सीच्या मोठ्या गल्ल्याच्या लढती तरीही चित्रित झाल्या. पण पिट्सबर्गमधल्या दहा फेऱ्यांसाठी कॅमेऱ्याचा खर्च कोण करणार?

उरलंय ते 1925 मधलं सरावाचं थोडं चित्रण. ग्रेब हँडबॉल खेळतो, सावलीशी लढतो आणि फिलाडेल्फिया जॅक ओ'ब्रायनबरोबर हलके हलके हात चालवतो. ओ'ब्रायन तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला माजी विजेता. सगळा मामला हसतखेळत, कॅमेऱ्यासाठी. हे बघून "ग्रेब नुसत्या चापट्या मारायचा" असा निकाल देणारे लोक भेटतात तेव्हा हात जोडावेसे वाटतात. माझ्या वहीत या चित्रणाला शून्य गुण आहेत. ना त्याच्या बाजूने, ना विरोधात.

मग वळलो वर्तमानपत्रांकडे. त्या काळी अनेक राज्यांत दोघंही पायावर उभे राहिले तर अधिकृत निकालच द्यायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे पैजांचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या छापील बातमीवर व्हायचा आणि रिंगशेजारचा बातमीदारच पंच ठरायचा. 1919 मध्ये ग्रेब 45 लढती खेळला आणि एकही हरला नाही असं म्हणतात, ते असे छापील निकाल धरूनच. म्हणून मी आता बातमीच्या गावानुसार वजन देतो. पिट्सबर्गच्या पेपरने ग्रेबला जिंकवलं तर अर्धा गुण, प्रतिस्पर्ध्याच्या गावच्या पेपरने जिंकवलं तर पूर्ण. आणि फेरीवार वर्णन नसेल, नुसता मथळा असेल, तर ती नोंद बाजूला. या चाळणीतून यादी बरीच रोडावते, पण ग्रेब काही खाली घसरत नाही.

खरा पुरावा मला जीन टनीत, म्हणजे पुढे डेम्प्सीला हरवणाऱ्या हेवीवेट बॉक्सरमध्ये, सापडतोय. 23 मे 1922, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, 15 फेऱ्या. ग्रेब सुमारे 12 पौंडांनी हलका. पहिल्याच फेरीत टनीचं नाक मोडलं, पुढे भुवया फाटल्या आणि शेवटपर्यंत तो रक्ताने माखून लढला. निकाल ग्रेबकडे. टनीच्या कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. पुढे टनीने हिशेब चुकता केला. लाइटवेट विजेता बेनी लिओनार्डच्या सल्ल्याने त्याने ग्रेबच्या डोक्यामागे धावणं सोडून बरगड्यांवर मारा धरला. 1923 ची फेब्रुवारीतली लढत त्याला मिळाली, पण वादग्रस्त निकालाने. डिसेंबरमधली मात्र स्वच्छ.

आता गंमत अशी की टनी आपल्याला दिसतो. 1926 आणि 1927 च्या डेम्प्सी लढती फिल्मवर आहेत. त्याची मागे सरकताना मारलेली जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), अंतर राखणं, उजव्या ठोशाची वेळ, सगळं डोळ्यांनी तपासता येतं. सध्या माझा वेळ यातच जातोय. प्रश्न एकच ठेवलाय: अशा पावलांच्या माणसापर्यंत एखादा बुटका, हलका बॉक्सर 15 फेऱ्या कसा पोचत राहिला असेल? नुसत्या दांडगाईने हे होत नाही. कोन बदलत आत शिरण्याची कला हवीच.

एक तांत्रिक नोंद, नव्यांसाठी. जुनी मूकफिल्म आजच्या वेगाने चालवली की माणसं बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात आणि ठोसे पोकळ वाटतात. घंटेपासून घंटेपर्यंत मोजा. कुठे काटछाट नसेल आणि फेरी तीन मिनिटांच्या आतच आटोपत असेल, तर वेग कमी करा. मी बहुतेकदा 0.75 वर बघतो. कालबाह्य वाटणारा टनी त्या वेगात चांगलाच धोकादायक दिसतो, आणि ओघाने ग्रेबचा भावही वधारतो.

ठोशाच्या ताकदीबद्दल मात्र मी हात आखडता घेतलाय. 300 च्या आसपास लढतींत नॉकआउट पन्नासच्या आत. चाहते म्हणतात म्हणून त्याला घणाघाती ठरवणार नाही. उलट दृष्टीचा मुद्दा मी जमेस धरतो. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं. 1921 मधल्या किड नॉरफोकविरुद्धच्या लढतीत तो डोळा दुखावला असं मानतात. त्याच अवस्थेत 1923 मध्ये जॉनी विल्सनकडून मिडलवेट किताब घेतला आणि 1925 मध्ये मिकी वॉकरपासून राखला.

पुढचं काम टायगर फ्लॉवर्सचं. 1926 मध्ये त्याने ग्रेबला दोनदा गुणांवर हरवलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रियेनंतर ग्रेब 32 व्या वर्षी गेला. या दोन्ही लढतींच्या बातम्या त्याच गावच्या चाळणीतून काढायच्या आहेत. दोन्ही निकाल फ्लॉवर्सकडे स्वच्छ निघाले, तरी त्या वेळच्या थकलेल्या ग्रेबवरून 1922 चा ग्रेब मी जोखणार नाही. तूर्त यादीत शुगर रे रॉबिन्सन पहिला, ग्रेब दुसरा. ग्रेबच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलंय: लढत पाहिलेली नाही.