आमची वाटचाल : अनंत, विहीर आणि बोअर

आमच्या अनंताच्या फुलझाडांना रोग नव्हता, कुणी गावभर काहीही सांगत फिरो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

१९९८ साली दिवेआगरला वडिलांच्या सुपारीच्या वाडीत चाळीस पिशव्या भरून नर्सरी सुरू केली. आंबा-काजूची कलमं सगळेच करत होते. आमच्या परसात आजीने लावलेला डबल पाकळीचा अनंत होता, त्याच्यावर गुटी बांधायला घेतली, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून तिचं रोप करायचं. हे काम पहिल्यापासून सौ.कडे. तिचा चाकू अजून तोच आहे, फणसाच्या मुठीचा. पातं घासून घासून करंगळीएवढं उरलंय. मृग लागला की पेन्सिलीच्या जाडीची फांदी बघून इंचभर साल गोल काढायची आणि खालचा बुळबुळीत थर पात्याच्या पाठीने खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं काही येत नाहीत. मग भिजवून पिळलेलं मॉस, म्हणजे सुकं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्हीकडून सुतळी. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. तिची गुटी सहसा फुकट जात नाही. माझी जाते.

पुढची वीस-बावीस वर्षं बरी गेली.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळाचं आमच्याकडच्या माणसाला काय सांगायचं! संध्याकाळी वाडी आडवी होती. अनंताला सावली होती ती त्या सुपाऱ्यांचीच. विहिरीत दोन माड आणि पंपघराचे पत्रे. कर्ज काढून शेडनेट उभं केलं आणि विहीर उपसत बसण्यापेक्षा बोअर मारली. पाणी धो धो लागलं. मी पेढे वाटले.

मार्चपर्यंत चौदाशे झाडं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं पान पिकल्या लिंबासारखं. कळ्या धरायच्या आणि उमलायच्या आधी टपाटप गळायच्या. शेणखत घातलं, युरिया दिला, फवारण्या केल्या. उपयोग शून्य.

नेमकं तेव्हाच एकाने गावोगाव सांगायला सुरुवात केली की यांच्या अनंताला रोग लागलाय, घेऊ नका, तुमची बाग जाईल. हा गृहस्थ आमच्याकडे दोन वर्षं कामाला होता. गुटी आमच्या सौ.ने शिकवली त्याला. आता टेम्पो भरून बाहेरून रोपं आणतो, चिकणमातीच्या घट्ट गोळ्यातली, फुलं लागलेली. गिऱ्हाईक फूल बघून घेतं, दोन महिन्यांत झाड वाळतं, आणि नाव अनंताचं खराब होतं. त्याच्या सांगण्यावरून एका रिसॉर्टने तीनशे झाडांची ऑर्डर रद्द केली. ॲडव्हान्स मी परत केला, तोही कर्जातून.

श्रीवर्धनच्या आमच्या बाई मला चौथीला होत्या. पहिल्या वर्षीचं पहिलं झाड त्यांनी घेतलं, तेव्हापासून दरवर्षी एक तरी नेतातच. एप्रिलमध्ये त्यांना शेणखत पोचवायला गेलो, तर ओटीवर त्याच लॉटमधला अनंत. दिवाळीत नेलेला. हिरवागार, तुकतुकीत, सात कळ्या.

"बाई, काय घालता याला?"

"आडाचं पाणी. तू काय घालतोस?"

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. बोअरचं पाणी तपासायला दिलं, सामू (पीएच) आठाच्या वर. सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. अनंताला माती आंबट लागते, सामू पाच-सहाच्या दरम्यान; आपल्या जांभ्याच्या मातीत तो म्हणूनच खुलतो. जड पाणी महिनोन्महिने पडलं की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. रोग कसला, झाडं उपाशी होती. आणि उपाशी मी ठेवली होती, पेढे वाटून.

विहीर उपसली. माड करवतीने कापून काढायलाच चार दिवस गेले. पागोळीचं पाणी धरायला टाक्या बांधल्या. पाच लिटर पावसाच्या पाण्यात अर्धा चमचा हिराकस, म्हणजे पाण्यात विरघळणारा लोहाचा क्षार, पंधरा दिवसांनी एकदा. गणपतीपर्यंत नवी पालवी हिरवी आली. पाचएकशे झाडं मात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून प्रत्येक झाडाबरोबर हिराकसाची पुडी फुकट देतो. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कुंडीला चुना फासू नका. शोभेला वर संगमरवरी खडे तर अजिबात नकोत. कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे हलवायची नाही. पाहुणे येणार असले तरी नाही. छाटणी फुलं संपली की लगेच. उशिरा कात्री लावलीत तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंगळ्यांची वाट शोधा, तेच त्याला राखतात. समुद्राच्या तोंडाशी घर असेल तर झाड भिंतीच्या आडोशाला, खारा वारा पानं करपवतो. लोक ऐकून घेतात आणि कुंडी समुद्राकडच्या गॅलरीतच ठेवतात.

गेल्या जूनमध्ये त्याच गृहस्थाचा माणूस आला. पन्नास अनंत हवे होते, कुठल्याशा बंगल्याच्या कामाला. टेम्पोतला माल तिथे दोनदा मेला होता म्हणे. सौ.ने एकेक झाड निवडून दिलं, खोटं कशाला बोलू, चांगलीच दिली. पैसे रोख मोजून घेतले.

पुड्या नाही दिल्या.